पिंपाचं वळण

टेबलामागच्या माणसाने नंबराचा कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मगदूमांना म्हणावं, गाडी तपासायला आणा. आणि सही ड्रायव्हरची हवी ताई, तुमची नाही चालणार."

"मीच मगदूम," मी म्हटलं. "सही मीच करणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या आण्णांकडे पाहिलं. माझे वडील तेव्हा साठीला टेकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. शर्यतीतला ड्रायव्हर म्हणून त्या माणसाला आण्णा चालले असते, पण मी काही त्याच्या गळी उतरत नव्हते. त्याने यादीवर बोट ठेवून पुन्हा एकदा नाव वाचलं, शीतल मगदूम, आणि "एक मिनिट हं" म्हणत तो बेहेरेंना शोधायला गेला.

बेहेरे म्हणजे शर्यत भरवणाऱ्या पुण्याच्या क्लबचे सेक्रेटरी. साताऱ्याच्या अलीकडे एका मुरमाड माळावर त्यांनी चुन्याची फक्की मारून आणि जुने टायर मांडून वळणावळणाचा रस्ता आखला होता. त्यावरून एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. घरच्या गाडीवर हौस भागवायची तर यापेक्षा स्वस्त शर्यत नाही, असं मी पेपरात वाचलं होतं. त्याच बातमीत शेवटी लिहिलं होतं की महिला गटाला फी नाही, आणि पहिल्या नंबराला चार नवे टायर.

ते चार टायर माझ्या डोक्यात बसले होते, कारण आमच्याकडे गाडी एकच होती आणि तिच्यावर घर चालत होतं. इचलकरंजीत आमचं मोटार ट्रेनिंग स्कूल. पांढरी मारुती आठशे, मागेपुढे लाल एल, टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच. पुरुषांना आण्णा शिकवायचे, बायकांना मी. आण्णांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि सगळ्यांना एकच मंत्र दिला होता, "ब्रेकवर पाय ठेवा, मग देवाचं नाव घ्या." अशा माणसाला मी म्हटलं की मला शर्यतीत उतरायचंय. ते दोन दिवस बोललेच नाहीत. आई म्हणाली, पोरगी वाया गेली, आणि ती तुमच्याच गाडीत बसून गेली.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी अट घातली. एकदाच जायचं. शर्यतीत टायर झिजणार, तर ते तिथूनच जिंकून आणायचे. "टायर आणलास तर फुडं बघू," ते म्हणाले. "न्हाई आणलास तर गाडी शाळंला आन् नाद बंद. परत विषय काढायचा न्हाई."

मला अट फारच सोपी वाटली होती. महिला गटात येऊन येऊन येणार किती बायका? मी महिनाभर रोज सकाळी सूतगिरणीमागच्या पडीक रानात तेलाचे डबे मांडून गाडी फिरवली होती. मनातल्या मनात टायर बसवूनही झाले होते.

बेहेरे आले. सज्जन माणूस, पण चेहरा असा की कुणाच्या घरी वाईट बातमी द्यायला निघालाय. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पण फोनवर तर तुम्ही 'मी चालवतो' म्हणालात. मी स्वतः ऐकलं."

"चालवतोच की."

"तेच. 'चालवतो' म्हणालात. 'आण्णा आणि मी, आम्ही दोघं येतो' म्हणालात."

"मग काय म्हणायचं?"

"'मी चालवते,'" बेहेरे म्हणाले. ते शिकवल्यासारखं बोलले नाहीत, उलट त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

आता मी इथे 'गेले', 'आले' असं लिहिते आहे ते लिहिण्यापुरतं. तोंडाने मी आजही 'गेलो', 'आलो', 'जेवलो' असंच बोलते. आमच्याकडच्या सगळ्याच बायका बोलतात. पुस्तकातलं 'मी आले' आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पण ते गल्लीत बोललं तर मैत्रिणी म्हणायच्या, लई शाणी झाली ही. त्यात दिवसभर 'क्लच सोडा, क्लच सोडा' ओरडून माझा आवाज घोगरा. त्यात नाव शीतल. आमच्या जैनांत शीतल बाप्येही असतात. बेहेरेंच्या ऑफिसात सांगलीचे एक शीतल चौगुले होते म्हणे, चांगले झुपकेदार मिशांचे. मग बेहेरेंनी तरी काय करावं? गाडी आठशे आणि चालवणारा शीतल मगदूम, म्हणून त्यांनी मला आठशेच्या खुल्या गटात टाकलं होतं.

"मग आता महिला गटात घाला," मी म्हटलं.

बेहेरेंनी चष्मा काढून पुसला. महिला गट रद्द झाला होता. गटाला निदान तीन नावं लागत, आणि त्यांच्याकडे दोनच आली होती, एक पुण्याची आणि एक नाशिकची. त्यांनी आदल्या दिवशी त्या दोघींना फोन करून येऊ नका म्हणून कळवलं होतं. टायरवाल्या दुकानदाराने आपले टायर आठशेच्या गटाकडे वळवले होते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. आमचा तर आधीपासूनच मारुती होता. हा विनोद मला पुढे कितीतरी दिवसांनी सुचला. त्या वेळी मला फक्त हिशेब कळला. तिसरी बाई मीच होते. माझ्याच जिभेने माझा गट बुडवला होता, आणि नाशिकच्या त्या कोण कुठल्या बाईने तयारी करून ठेवलेली गाडी घरी उभी होती. मला तिच्यापुढे लाज वाटली आणि स्वतःचा भयंकर राग आला.

बेहेरेंनी त्यांच्या परीने मार्ग काढला. म्हणाले, तुम्ही एक फेरी प्रदर्शनाची मारा. घड्याळ लावणार नाही, फी घेणार नाही, लोक टाळ्या वाजवतील, आम्ही एक पुष्पगुच्छ देऊ. नाहीतर खुल्या गटात उतरा, पण त्याची फी भरावी लागेल; ती मात्र मला माफ करता येत नाही, बाकीचे ओरडतील.

पुष्पगुच्छ ऐकून माझं डोकं सणकलं. मी आण्णांकडे वळून म्हटलं, चला घरी. खुल्या गटात सगळे पुरुष, त्यातले कित्येक वर्षानुवर्षं पळवणारे. तिथे टायर मिळणं म्हणजे आंधळ्याने नेम धरण्यातला प्रकार. मग फी भरून उगाच टायर तरी का झिजवायचे?

आण्णा टेबलाजवळ सरकले. त्यांनी बेहेरेंना विचारलं, घड्याळ खुल्या गटाला लावणार का. बेहेरे म्हणाले, अर्थातच. आण्णांनी टोपी काढली, टोपीच्या घडीतून पैसे काढले आणि टेबलावर ठेवले. ते पैसे कसले हे मला ठाऊक होतं. गाडी वाटेत मोडली तर ट्रकला बांधून घरी ओढत न्यायला म्हणून ते त्यांनी वेगळे ठेवले होते.

"आण्णा, ते ओढून न्यायचं हायत."

"व्हय. म्हणून गाडी मोडायची न्हाई," आण्णा म्हणाले. "महिनाभर रानात डबं मांडलंस ते काय फुलं घ्यायला व्हय?"

मी सही केली.

तपासणीत आणखी एक घोळ. तपासनिसाने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, हे डाव्या बाजूला काय? आण्णांनी अभिमानाने सांगितलं की हा शिकवणाऱ्याचा ब्रेक. तपासनीस म्हणाला, काढा. गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरं कुणी बसायचं नाही.

"म्हंजे मी शेजारी बसायचं न्हाई?" आण्णांनी विचारलं.

मला तोपर्यंत कल्पनाच नव्हती, की आण्णा महिनाभर शेजारी बसूनच शर्यत पळायच्या तयारीत होते. तपासनीस हसला. आण्णा हसले नाहीत. त्यांनी डिकीतून पाना आणला, मुरमात पाठीवर आडवे झाले आणि आपल्या हाताने तो ब्रेक आणि क्लच सोडवून काढला. पांढऱ्या शर्टाची पाठ लाल झाली. एल काढले, टपावरची पाटी काढली. सगळं एका गोणपाटात गुंडाळून ते बाजूला जाऊन उभे राहिले, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

हेल्मेट माझं स्कूटरवरचं, ते तिथे चालेना. साताऱ्याचा जगदाळे म्हणून एकजण आमच्याच गटात होता, त्याने आपलं काढून दिलं. म्हणाला, इथे सगळं असंच चालतं ताई, आठशेच्या गटात माणसं भरपूर आणि हेल्मेटं तीन. तुमची फेरी झाली की परत द्या, मला लागेल. हेल्मेट मोठं होतं, म्हणून आण्णांनी खांद्यावरचा पंचा घडी करून आत कोंबला. त्या पंच्याला गाडीच्या ग्रीसचा वास होता. मला एकदम बरं वाटलं.

पहिल्या फेरीचं काय सांगू? झेंडा पडला, मी गाडी सोडली, आणि पहिलं वळण आलं तेव्हा माझा हात आपसूक इंडिकेटरवर गेला. डावं वळण, डावा इंडिकेटर. मग उजवं वळण, उजवा. मुरमाचा धुरळा उडतोय, गाडी आडवी चाललीय आणि मी इंडिकेटर देतेय. बाहेर लोक पोट धरून हसत होते. मला आत काही कळत नव्हतं, टकटक टकटक एवढंच ऐकू येत होतं. शेवटी फक्कीच्या चौकटीत गाडी बरोबर थांबवायची असते. तिथे बरेचजण पुढे घसरत आणि त्यांना दंड पडे. माझी गाडी चौकटीत मधोमध उभी राहिली. रोज ज्यांना पार्किंग शिकवायचं, त्यांच्यासमोर वाकडी लावून कशी चालेल? तेवढ्या जोरावर मी पहिल्या फेरीनंतर यादीच्या मध्यावर होते.

जगदाळे हेल्मेट घ्यायला आला तेव्हा डोळे पुसत होता. "ताई, मागनं कोण येत न्हवतं," तो म्हणाला. "कुणाला दाखवत हुता?"

त्याची चेष्टा मला लागली नाही. खरं म्हणजे मला इतका आनंद झाला होता की कुणी काहीही बोललं असतं तरी चाललं असतं. इतकी वर्षं मी गाडीत डावीकडे बसून दुसऱ्यांना सावकाश जा म्हणून सांगत आले होते. त्या दीड-दोन मिनिटांत मला कुणीही सावकाश म्हणालं नव्हतं. टायर मिळोत न मिळोत, हे आपल्याला परत करायला मिळालं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटलं. आणि टायर नाही मिळाले तर ते मिळणार नव्हतं.

दुसऱ्या फेरीला मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. या वेळी गाडी माझ्या ऐकण्यात होती. पहिली तीन वळणं इतकी छान गेली की मी हेल्मेटच्या आत गुणगुणत होते. मग डांबराच्या पिंपाचं वळण आलं. रस्ता तिथे पिंपाभोवती जवळजवळ उलटा फिरायचा. गाडीचा मागचा भाग सुटल्यासारखा वाटला, ओढून न्यायचे पैसे टेबलावर गेल्याचं आठवलं, आणि पाय ब्रेकवर पडला. गाडी वाचली, पण जवळपास उभीच राहिली. पुढे मी जीव तोडून पळवली. चौकटीत नीट थांबवली. पण जे गेलं ते गेलं.

निकाल दुपार कलल्यावर लागला. टायर जगदाळेला मिळाले. माईकवरच्या माणसाने पाचवा नंबर वाचला, "श्रीयुत शीतल मगदूम", आणि सगळा माळ हसला, मीसुद्धा हसले. खुल्या गटात पाचवी येऊनही मला रडू फुटत होतं, म्हणून मी जरा जास्तच हसले. पाचव्याला हातात काही द्यायची पद्धत नव्हती. बेहेरेंनी जवळ येऊन हात मिळवला आणि पुढच्या वेळी महिला गट नक्की ठेवू म्हणाले. पुढची वेळ नाही, हे त्यांना काय सांगायचं?

परतीला आण्णांनी गाडी घेतली. एल आणि पाटी परत लागली होती, पण काढलेला ब्रेक बसवायला उजेड पुरला नसता म्हणून तो डिकीत गोणपाटातच होता. कऱ्हाड मागे पडलं. मी बाहेर बघत होते. नाद बंद. विषय काढायचा नाही. दिलेला शब्द होता आणि आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द.

ऊन उतरायला लागलं तसं आण्णांनी गाडी बाभळीखाली घेतली. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आई तर काटेकोर होतीच, पण आण्णा तिच्याही वरचढ. लग्नाच्या वरातीतून निघून जेवायला गेलेला माणूस. मी पंचा अंथरला, डबा सोडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. एवढी भूक लागली होती, पण घास हातात घेववेना.

"आण्णा," मी म्हटलं, "टायर न्हाई मिळालं. ठरलंय तसं. मी सोडतो नाद."

आण्णा डब्याच्या झाकणाकडे बघत होते. ते म्हणाले, "पिंपाच्या वळणाला ब्रेक का मारलास?"

"गाडी सुटत हुती."

"सुटत न्हवती. मी समोरच हुतो. मागची चाकं जरा सरकली एवढंच. उगंच मारलास."

हे आण्णा बोलले होते. अर्ध्या गावाला ब्रेकवर पाय ठेवायला शिकवलेला माणूस मला सांगत होता की ब्रेक उगाच मारला. मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. पोटात कुठेतरी दिवा लागल्यासारखं झालं.

"मग काय करायचं हुतं?" मी विचारलं.

आण्णांनी झाकण उचललं आणि पंच्याच्या पलीकडे मातीत पालथं घातलं. हे पिंप. चटणीची वाटी रिकामी करून शेजारी ठेवली, हे त्याच्या आधीचं वळण. मग खडे गोळा करून रस्ता मांडला. दशम्यांचा रिकामा डबा गाडी झाला. हितनं आलीस, ते म्हणाले, हितं पाय उचलायचा, ब्रेक न्हाई, नुसता पाय उचलायचा. गाडी आपोआप वाकती. मग हितं परत पाय. मी म्हटलं, पण बाहेरून येऊन आत घेतली तर? ते म्हणाले, मग तुला पुढचं सरळ मिळत न्हाई, बघ. त्यांनी डबा परत मागे नेला. मी खडे बदलले. त्यांनी परत लावले. आमचं चांगलं जुंपलं. ट्रकवाले जाता जाता हॉर्न मारत होते. बाप-लेक रस्त्याच्या कडेला मातीत डबे फिरवताना बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. टायरांचं मी मध्येच विचारलं. आण्णा मान वर न करता म्हणाले, मागचं फुडं घालू, फुडचं मागं. अजून एक शर्यत निघती त्यात. तू हिकडं बघ.

खडे दिसेनासे झाले तेव्हा आमच्या लक्षात आलं. सूर्य गेला होता. दशम्या तशाच होत्या, त्यांवर मुरमाची बारीक धूळ बसली होती. आण्णांनी आकाशाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि दशम्या परत भरून, झाकण फुंकून डब्याला लावलं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. पिशवी हातात घेतली तसं तिला वजन कळलं. भरला डबा परत आलेला बघून ती घाबरलीच. गाडी मोडली का, कुणाला लागलं का, जेवला का नाही, तुम्ही तर कधी असं करत नाही, असं तिने एका दमात विचारलं.

आण्णांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं.

"काय न्हाई झालं," ते म्हणाले. "पोरीला वळण लावत हुतो."